खुर्ची कुणाची हलते?

साल्वादोर मिनुचिन हे नाव आपल्या बायकांच्या वाचनात सहसा येत नाही. माझ्याही आलं नसतं. भाची समाजकार्याचं शिक्षण घेत होती, तिच्या अभ्यासाला ‘फॅमिलीज अँड फॅमिली थेरपी’ हे त्यांचं १९७४ सालचं पुस्तक होतं. सुट्टीला बेळगावला आली की ती त्यातली घरं मला मराठीत सांगायची आणि मी भाजी निवडत ऐकायची. उपचाराला आलेल्या कुटुंबांची बोलणी त्यात सविस्तर दिलेली आहेत. कोण काय बोललं, मध्येच कुणी तोडलं, कोण गप्प बसलं. एकदा ती म्हणाली, “आत्ती, हे तर आपल्या सोप्यातलंच की!” पुढं ती नोकरीला लागली, पुस्तक माझ्याकडंच राहिलं आणि मी ते हळूहळू, शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढलं.

ह्या पुस्तकाबद्दल आणि ते ज्या शास्त्रातलं आहे त्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण ते शास्त्र आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आहे. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात. बायकांसाठीच्या मदत केंद्रांत असतात. आपल्या समाजाच्या बैठकीला पूर्वी नुसते पंच बसायचे, आता एखादी शिकलेली ताई किंवा डॉक्टर बोलावतात. ‘बाउंड्री’, ‘पॅटर्न’, ‘कम्युनिकेशन’ हे शब्द मोडायला आलेल्या संसाराच्या बैठकीत सर्रास ऐकू येतात. शब्द आले की त्यांच्या पाठीमागून विचार येतो. त्यातला कुठला आपल्या कामाचा आणि कुठला आपल्याच अंगावर उलटणारा, हे आपण बघून घेतलं पाहिजे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण समाजाच्या अशा बैठकांत मुलीच्या बाजूची बाई म्हणून मी कितीतरी वेळा बसलेली आहे, आणि त्या जागेवरून जे दिसतं ते सांगायला पदवी लागत नाही.

मिनुचिन १९२१ मध्ये अर्जेंटिनात एका ज्यू घरात जन्मले, डॉक्टर झाले, पुढं अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क भागातल्या विल्टविक नावाच्या मुलांच्या शाळेत त्यांनी काम केलं. गुन्ह्यात सापडलेली, गरीब वस्त्यांतली मुलं तिथं ठेवलेली असत. मूल शाळेत सुधारायचं आणि घरी गेलं की महिन्याभरात जिथल्या तिथं यायचं. तेव्हा मिनुचिन आणि त्यांचे सहकारी म्हणाले, एकट्या मुलाशी बोलून भागणार नाही, घरच बोलवू या. आई, आजी, भावंडं, सगळी. त्या कामातून १९६७ मध्ये ‘फॅमिलीज ऑफ द स्लम्स’ हे पुस्तक निघालं. १९६५ पासून दहा वर्षं ते फिलाडेल्फियाच्या बाल मार्गदर्शन चिकित्सालयाचे प्रमुख होते. तिथं त्यांनी वस्तीतल्याच, मोठं शिक्षण नसलेल्या माणसांना कुटुंबाबरोबर काम करायला शिकवलं. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं. २०१७ मध्ये ते वारले.

त्यांच्या आधी काय चाललं होतं ते ठाऊक असलं तर त्यांची किंमत कळते. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान ह्या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी एका लेखात असा शब्द वापरला की ज्याचा अर्थ होतो, ‘मुलाला स्किझोफ्रेनिया आणणारी आई’. हा शब्द पुढं कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या तोंडी राहिला. पोरगं आजारी, तर आई एक तर फार थंड नाहीतर फार चिकट. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या मंडळींनी ‘दुहेरी कोंडी’ची कल्पना मांडली. तोंडानं ‘ये’ म्हणायचं आणि अंगानं ‘लांब हो’ म्हणायचं, मुलानं काहीही केलं तरी ते चुकीचंच ठरायचं. कल्पना तीक्ष्ण आहे, अशा घरात राहिलेल्यांना ती लगेच पटते. पण उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा तिथंही पुढं उभी केली ती आईच.

मिनुचिन म्हणाले की घर ही एक मांडणी आहे. नवराबायकोचा एक गट, आईबापांचा एक, भावंडांचा एक. गटांच्या मध्ये रेघा असतात. पुस्तकात ते चक्क रेघा काढून दाखवतात. तुटक रेघ म्हणजे स्पष्ट सीमा, तिला मी उंबरा म्हणते: येजा चालू, पण इथून खोली बदलते हे पायाला कळतं. ठिपक्यांची रेघ म्हणजे उंबराच नाही, एकाला शिंक आली की सगळ्यांनी नाक पुसायचं. सलग रेघ म्हणजे भिंत, पलीकडं कुणी रडलं तरी ऐकू येत नाही. ज्याच्यावर दुखण्याचं लक्षण दिसतं, तो बहुधा अशा मांडणीतल्या अवघड जागी उभा असतो. म्हणून त्याला एकट्याला औषध न देता मांडणी हलवायची.

ही गोष्ट मला एका घरामुळं पटलेली आहे. नात्यातलं घर, दुकान आजोबांच्या हातात, मुलगा चाळिशीचा होऊनही गल्ल्यावर हात ठेवायला परवानगी नाही. दर महिन्याला हिशोबाच्या दिवशी आजोबा मुलाला सगळ्यांसमोर बोलायचे आणि त्याच दिवशी अकरा वर्षांच्या नातवाच्या पोटात कळ यायची. सगळे पोराकडं धावायचे, हिशोब राहून जायचा. पोटाचे फोटो काढले, हुबळीला दाखवलं, काही निघालं नाही. पोरगं सोंग करत नव्हतं, त्याचं पोट खरंच दुखत होतं. पण ते दुखणं आजोबा आणि बाप यांच्या मध्ये उभं राहून दोघांना वाचवत होतं. मिनुचिनना हे घर दिलं असतं तर त्यांनी नातवाला बाहेर खेळायला पाठवून आजोबा आणि बाप यांना समोरासमोर बसवलं असतं. गंमत म्हणजे पुढं झालंही तसंच, पण एका आत्याबाईंमुळं. त्यांनी मिनुचिन वाचलेले नव्हते.

त्यांची तंत्रंही मला आवडतात, कारण ती घरगुती आहेत. पहिलं, सामील होणं. घरात जाऊन लगेच शहाणपण शिकवायचं नाही. त्या घरची भाषा, मानपान, वडीलधाऱ्यांचा क्रम सांभाळून आधी त्यांच्यातलं व्हायचं. दुसरं, ‘मला सांगू नका, इथं करून दाखवा’. नवरा म्हणतो, हिच्याशी बोलणंच होत नाही. मग आत्ता बोला, मी बघतो. तिसरं, बसायच्या जागा बदलणं. आईबापांच्या मध्ये बसलेल्या पोराला उठवून एका बाजूला बसवलं की दोघांना एकमेकांची तोंडं दिसतात. चौथं, मुद्दाम तोल ढळवणं: घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्या बाजूनं उपचार करणाऱ्यानं काही वेळ उघडपणे उभं राहायचं. जे समुपदेशक ‘मी कुणाच्याच बाजूचा नाही’ म्हणत बसतात, त्यांच्यापेक्षा मला हे प्रामाणिक वाटतं.

आणि एक गोष्ट त्यांचे टीकाकार विसरतात. हे सगळं अमेरिकेतल्या चौकोनी घरावर बेतलेलं आहे, आपल्या एकत्र घरांना लागू नाही, असं सरसकट म्हटलं जातं. पुस्तक नीट वाचलं तर तसं नाही. जवळजवळची, एकमेकांत मिसळलेली घरं ही राहणीची एक पद्धत आहे, तेवढ्यावरून घर आजारी ठरत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. थोरल्या मुलीनं धाकट्यांना सांभाळणं हेसुद्धा ते आजार मानत नाहीत. तिला काय करायचं, किती करायचं हे मोठ्यांनी नीट सांगितलेलं असेल तर त्यातून ती शहाणी होते. तिच्यावर सगळं टाकून मोठे मोकळे झाले तर ती मोडते. आपल्यातल्या किती थोरल्या अक्का दुसऱ्या प्रकारच्या आहेत, ते तुम्हीच आठवा.

इथपर्यंत मी मिनुचिनच्या बाजूची. आता जिथं माझी वाट वेगळी होते ते सांगते.

त्या खोलीत खुर्च्या हलतात, पण कुणाच्या? ह्या शास्त्रात एक घर पुन्हापुन्हा भेटतं. आई मुलात फार गुंतलेली, बाप कडेला. उपाय ठरलेला: बापाला मध्ये आणायचं, आईला जरा मागं सारायचं. आई मुलाच्या वतीनं उत्तर द्यायला लागली की तिला थांबवायचं, बापाची खुर्ची मुलाशेजारी ठेवायची. एका तासात चमत्कार झाल्यासारखं दिसतं. बाप बोलतो, मूल ऐकतं. पण बाप कडेला का होता, हे कुणी विचारलं? तो पहाटे जाऊन रात्री येतो, कारण घराबाहेरचं सगळं काम त्याचं आणि आतलं सगळं तिचं, असं लग्नाच्या दिवशीच ठरलेलं. चौदा वर्षं एकटीनं ताप, शाळा, परीक्षा, सासूसासऱ्यांचं दुखणं केलेल्या बाईला सांगायचं, तू फार गुंतलीस. तिला गुंतवलं कुणी? जी कामं तिनं कुणी केली नाहीत म्हणून केली, तीच तिच्या दोषाची यादी होऊन बसतात.

ही तक्रार मी पहिली करत नाही. रेचल हेअर-मस्टिन ह्या बाईंनी १९७८ मध्येच लिहिलं होतं की कुटुंबावर उपचार करणारे लोक बाईच्या ठरलेल्या जागेला धक्का न लावता घर ‘बरं’ करतात. पुढं १९८८ ह्या एकाच साली तीन महत्त्वाची लिखाणं आली. डेबोरा ल्युपनिट्झ यांनी ‘द फॅमिली इंटरप्रिटेड’ हे पुस्तक लिहून मिनुचिनसकट सगळ्या मोठ्या गुरूंची एकेक करून तपासणी केली. सत्ता बापाची पण बाप घरात नाही, असं घर इतिहासानं घडवलेलं आहे, आईच्या स्वभावानं नाही, असं त्यांचं म्हणणं. व्हर्जिनिया गोल्डनर यांनी दाखवलं की हे शास्त्र थोरल्या-धाकट्यांतली उतरंड बरोबर ओळखतं, पण बाईपुरुषांतली उतरंड त्याला दिसतच नाही. आणि मॅरिअन वॉल्टर्स, बेटी कार्टर, पेगी पॅप, ऑल्गा सिल्व्हरस्टीन ह्या चौघींनी मिळून ‘द इन्व्हिजिबल वेब’ लिहिलं. चौघीही स्वतः कुटुंबावर उपचार करणाऱ्या, आणि त्यांतल्या वॉल्टर्स तर फिलाडेल्फियाला मिनुचिन यांच्याच संस्थेत काम केलेल्या. म्हणजे टीका आतल्या बायकांनीच केली. शास्त्र सोडून न जाता त्यांनी ते दुरुस्त करायला घेतलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट जेवणाच्या ताटाची. मिनुचिन यांचं सगळ्यात गाजलेलं काम आहे ते अन्न टाकणाऱ्या मुलींवरचं. अॅनोरेक्सिया म्हणतात तो आजार. मुलगी खात नाही, वाळत जाते, तरी स्वतःला जाडच समजते. मिनुचिन अशा मुलीला घरच्यांसकट बोलवून सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे. आईबापांना म्हणायचे, हिला खायला लावा. मग त्या टेबलावर घरातली सगळी भांडणं बाहेर यायची. आई समजावते, बाप दरडावतो, एक पुढं सरतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि पोरगी दोघांच्या फटीत उपाशी. १९७८ च्या ‘सायकोसोमॅटिक फॅमिलीज’ ह्या पुस्तकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा ५३ रुग्णांची हकीकत दिली आणि ८६ टक्के बरे झाल्याचं सांगितलं. आकडा मोठा होता, पण तुलनेला दुसरा गट नव्हता.

ह्या उपचाराच्या मुळाशी सिद्धांत होता की फार गुंतलेलं, फार जपणारं, भांडण टाळणारं घर हा आजार घडवतं. पुढच्या संशोधनात हा सिद्धांत काही टिकला नाही. असं एका साच्याचं घर सापडलं नाही. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१० मध्ये जाहीरच केलं की कुटुंब हे ह्या आजाराचं मुख्य कारण आहे, असं मानणारी मांडणी आम्हाला मान्य नाही. पण आईबापांनी ताटाशेजारी बसून मुलीला जेवू घालायचं तंत्र मात्र टिकलं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या लोकांनी १९८० नंतर ते पुढं नेलं, आणि आज लहान वयातल्या मुलींसाठी सगळ्यात भरवशाच्या उपचारांत त्याची गणना होते. फरक एवढाच की आईबापांना आता पहिल्याच दिवशी सांगतात: हे तुमच्यामुळं झालेलं नाही, पण तुमच्याशिवाय बरं होणार नाही. आरोप काढून टाकला तरी उपचार चालला, उलट जास्त चांगला चालला. ह्या शास्त्राच्या साऱ्या इतिहासात मला ही गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी वाटते.

आपल्या समाजात ह्या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडं न खाण्याला मान आहे. उपवास, एकाशन करणाऱ्या मुलीचं कौतुक होतं आणि व्हावंच. पण व्रत सांगून घेतलेलं असतं, त्याला दिवस ठरलेला असतो, शेवटी पारणं असतं, आणि ते करणाऱ्याच्या तोंडावर समाधान असतं. ज्या न खाण्याला शेवटच नाही, ज्याच्यात ताटाची भीती आहे, किंवा जी सून भांडणानंतर दोन दिवस ‘माझा उपवास आहे’ म्हणून खोलीत बसते, ते व्रत नव्हे. त्याला व्रताचं नाव देऊन आपण घरची अब्रू सांभाळतो आणि पोरीला हरवतो. मुलगी झपाट्यानं वाळत असेल, पाळी थांबली असेल, तर आधी डॉक्टर. मांडणीबिंडणी नंतर.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. ‘दोषी शोधू नका, चक्र बघा’ हे ह्या शास्त्राचं आवडतं वाक्य आहे. ती कटकट करते म्हणून तो बाहेर राहतो, तो बाहेर राहतो म्हणून ती कटकट करते. सुरुवात कुठं झाली हे शोधण्यात अर्थ नाही, चक्र मोडा. रोजच्या भांडणांना हे औषध रामबाण आहे. पण हात उचलला गेला असेल तर? ती उलट बोलते म्हणून तो मारतो, तो मारतो म्हणून ती उलट बोलते, असंही चक्र काढता येतं. कागदावर ते अगदी गोल दिसतं. पण त्या गोलात एकाच्या अंगावर वळ असतात.

मी हे प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. एका बैठकीत, मुलगी सात महिन्यांत तिसऱ्यांदा माहेरी आलेली, मनगटाला पट्टी. बोलावलेल्या समुपदेशकांनी फळ्यावर गोल काढला आणि दोघांना विचारलं, तुमचा तुमचा वाटा सांगा. नवऱ्यानं पटापट सांगितला, कारण त्याला काही गमावायचं नव्हतं. मुलगी गप्प. तेव्हा एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अनेकांत आहे बाई, सगळ्यांचीच बाजू खरी असते.” मी त्यांना तिथंच म्हटलं, “काका, अनेकांत म्हणजे एका वस्तूला अनेक बाजू असतात. मनगट मोडलंय ही बाजू त्यातलीच एक आहे, ती खोडता येत नाही.” बैठक जरा थंडावली. थंडावू दे.

ह्या ठिकाणी आपला कायदा शास्त्राच्या पुढं गेलेला आहे, हे किती जणींना माहीत असतं? १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य सांगितलेलं आहे. त्यामुळं आपल्याकडं समुपदेशन म्हणजे ‘जुळवणं’ असाच समज झाला. पण बायकांना घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमात न्यायाधीशांना समुपदेशनाला पाठवता येतं, एकेकट्यानं किंवा दोघांना एकत्र. आणि २००६ च्या नियमांत लिहिलेलं आहे की समुपदेशनात हिंसा केलेल्या माणसाला आपल्या कृत्याचं समर्थन मांडू द्यायचं नाही, आणि हे त्याला बसायच्या आधीच सांगायचं. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्यच त्या खोलीत चालत नाही. गोल काढायच्या आधी एक सरळ रेघ. ज्यांनी हा नियम लिहिला, त्यांनी आमच्यासारख्या किती बैठका बघितल्या असतील, असं मला तो वाचताना वाटलं. तो नियम प्रत्येक मुलीच्या आईला पाठ पाहिजे.

मग हे शास्त्र बाहेरचं म्हणून टाकून द्यायचं का? नाही. घरच्यांना बरोबर घेऊन उपचार करायची कल्पना आपल्याला नवी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन ठेवून घेतलं. तिथं कुणी आईला दोषी म्हणून बसवलेलं नव्हतं. आजार काय आहे, घरी गेल्यावर कसं वागायचं, हे शिकायला आणि सेवा करायला ती मंडळी राहत होती. अमेरिकेतल्या बायकांना १९८८ मध्ये जे मागावं लागलं, त्यातलं थोडं अमृतसरच्या त्या तंबूंत आधीच होतं: घराला जबाबदार धरायचं, पण गुन्हेगार ठरवायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. मिनुचिन यांचे हात घ्यावेत, त्यांचं बोट घेऊ नये. त्यांनी जागा बदलायला शिकवलं, करून दाखवायला लावलं, गप्प माणसाच्या बाजूला उभं राहायला शिकवलं, ते सगळं घ्यावं. आईकडं वळणारं बोट मात्र तिथंच ठेवावं. आणि सीमांच्या त्या तीन रेघांना आपण चौथी जोडावी: पैसा कुणाच्या नावावर आहे आणि काम कुणाच्या अंगावर आहे, ह्याची. ही रेघ काढल्याशिवाय कुठल्याच घराचं चित्र पुरं होत नाही.

आपल्या मंडळातल्या बायकांना यापुढं अशा बैठकीला बोलावणं आलं तर चार गोष्टी बघाव्यात. मुलीशी आधी एकटीशी बोलणं झालंय का? मारहाण झालेली असेल तर दोघांना एका खोलीत बसवायची घाई करू द्यायची नाही, आणि कारणं सांगायला लागला तर त्याला थांबवायचं. ‘तिनं काय बदलावं’ ही यादी निघाली की ‘त्यानं घरात रोज कुठलं काम करावं’ ही यादी तेवढीच लांब निघाली पाहिजे, वाराच्या नावासकट. बसताना मुलगी भिंतीला टेकून खाली आणि पुरुषमाणसं खुर्च्यांवर, असं असेल तर बोलायला सुरुवात व्हायच्या आधी तिच्यासाठी खुर्ची मागायची. आणि चहा कुणीही करावा. जिच्या संसाराबद्दल ती बैठक आहे, तिनं त्यासाठी मध्येच उठून आत जायचं नाही.